सपाट चमचा, तीन ग्रॅम

ता. ९

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पावाच्या गाडीवाल्याकडेच हे पत्र देतेय. हात पिठाचे असतील तरी तसेच पुसून आधी वाच. आपले बाबा चोर निघाले रे! मला तर धक्काच बसलाय.

डॉक्टरांनी त्यांना दिवसाला तीनच ग्रॅम मीठ सांगितलंय, हे तुला माहीत आहे. तू लिहून दिलेला तक्ता मी कपाटाच्या दाराला चिकटवलाय. त्यात छोटा सपाट चमचा म्हणजे तीन ग्रॅम. रोज सकाळी बाबांच्या डोळ्यांदेखत तेवढं घेते, वरून सुरी फिरवते आणि तेवढ्यातच त्यांचं दिवसभराचं जेवण करते. तरी तीन आठवड्यांत पाय सुजून भोपळा! आज डॉक्टर म्हणाले की हे लपवून मीठ खातायत, असंच चाललं तर हृदय साथ देणार नाही.

मी मिठाची बरणी कुलपात टाकली. उशीखाली, कोटाच्या खिशात, सगळीकडे शोधलं. जन्मभर दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधणारा कंपाउंडर, आणि ही तऱ्हा! मी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. तूच काय ते समजाव.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी ताई

ता. १०

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी तो चमचा खाली ठेव. ताई, तो तक्ता मैद्याचा आहे! तुला केक करायचा होता म्हणून मी घाईघाईत बिलाच्या पाठीवर खरडला होता. बेकरीत नाव न घालता आकडे लिहिले की ते मैद्याचेच, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. तुला ते कुठून कळणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

तुझं पत्र वाचून तसाच चमचा मिठानं भरून काट्यावर घातला. सहा ग्रॅम. पुन्हा भरला, पुन्हा सहाच. त्याच चमच्यात मीठ मैद्याहून जड भरतं. म्हणजे बाबांना रोज दुप्पट मीठ आपणच चारलं, आणि वर चोर म्हणालो.

डॉक्टरांना आजच्या आज सांग. सोबत छोटा काटा पाठवतोय, आता सगळं त्याच्यावरच मोज. बाबांना तोंड कसं दाखवू, ते तूच सांग.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १२

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

काट्यावर सहाचा आकडा बघितला आणि मी तशीच डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांनी औषध बदललंय, सूज उतरेल म्हणतात.

बाबांचे पाय धरायला गेले, तर दुसराच धक्का! म्हणाले की चमच्याचं काय घेऊन बसलीस, मी खरंच रोज बरणीतून चिमूट चिमूट खात होतो. ऐकून रागही आला आणि, खोटं कशाला सांगू, छातीवरचा दगडही उतरला. मग आधी रडून घेतलं आणि नंतर त्यांना चांगलं फैलावर घेतलं. आता तूही जिवाला फार लावून घेऊ नकोस.

असाच जीव लावत राहा.
तुझी ताई

ता. १३

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र ताईला दाखवू नकोस. मी बरणीला हात लावलेला नाही. चाळीस वर्षं पुड्या बांधल्या, पहिल्याच दिवशी चमचा बघून कळलं होतं की हे सहा आहे. चार दिवस जिभेनं गप्प बसवलं, जेवण चवदार लागत होतं. नंतर सांगायची लाज वाटली. आणि पाय सुजले तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर या पोरीला जन्मभर मीठ घेताना आपणच बापाला मारत होतो असं वाटेल. ती दिसते खंबीर, पण तशी नाही.

तुला खरं सांगतोय, कारण तुला पुढेही लोकांना खायला घालायचंय. नाव न लिहिलेली बाटली मी कधी कुणाच्या हाती दिली नाही. तूही आकड्याशेजारी वस्तूचं नाव लिहीत जा.

यापुढे तिचं माप चुकलं तर त्याच क्षणी सांगेन, हा शब्द देतो. त्या तीन आठवड्यांचा चोर मात्र मलाच राहू दे.

सुखी राहा, अधूनमधून येत जा.
तुझे बाबा