बाबांनी मागितलेला चहा

बाबा, मी तुमचं ऐकलं नाही. आईचं ऑपरेशन करून घेतलं. खांदा कॉलनीतल्या माझ्या घरी ती बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. कळताच जासईहून काका धावत आले आणि तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात बोलले, "या वयात चिरफाड नाय करायची." आजीचा खुबा मोडला तेव्हा तुम्ही हेच म्हणाला होतात. मग ती मागच्या खोलीत पडून राहिली. तुम्ही स्वतः तिची कूस बदलायचात, पाठ पुसायचात, एकदाही कंटाळला नाहीत, हे मी नाकारत नाही. पण कूस बदलताना ती ओरडायची, ते मी पलीकडे अभ्यास करत ऐकलंय. पावसाळा संपायच्या आत ती गेली. त्याला तुम्ही नशीब म्हणालात. मी नाही म्हणणार.

आता डॉक्टर त्या नशिबाचाही अंदाज बांधतात. आईचं वय, हृदय, रक्त, स्मरणशक्ती, सगळं डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि ऑपरेशननंतर महिन्याभरात ती जाण्याची शक्यता किती, तो आकडा सांगितला. तो मी दोनदा विचारून घेतला. काका म्हणाले, "बघ, मशीनपण नायच बोलतंय." बाई म्हणाल्या, "मशीन नाही म्हणत नाहीये. धोका किती आहे ते सांगतंय, म्हणजे आम्ही तयारीत राहू. नुसतं झोपवून ठेवलंत तर धोका जास्त आहे." मी सहीसाठी पेन मागितलं.

पण आईच अडून बसली. "तुजा बाबा असता तर नाय बोलला असता." मग मी सरळ थाप मारली, की तुम्ही स्वप्नात आलात आणि करून घ्या म्हणालात. आपल्याकडे गेलेलं माणूस स्वप्नात आलं की पहिला प्रश्न ठरलेला, कारण ते मागेल ते फोटोपुढे ठेवावं लागतं. आईनं विचारलाच, "काय मागत होता?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा." जन्मभर चहाला शिवला नाहीत तुम्ही! एवढ्या दुखण्यात आई हसली. "इतकं खोटं बोलतंस, म्हंजे लय घाबरलीस. कर सही."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. तिनं सगळ्यांना शिव्या घातल्या, पण उभी राहिली. डॉक्टरांचा महिना कधीच उलटला. आकडा काही खोटा नव्हता, आई त्यातून निभावली इतकंच. पण त्याला घाबरून मी तिला खाटेवर टाकून ठेवलं नाही, आणि याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. आता ती वॉकर आपटत घरभर फिरते आणि रोज सकाळी तुमच्या फोटोपुढे कपभर चहा ठेवते. "घे, मागत होतास ना."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. थाप मारायच्या आदल्या रात्री मी तुमची वाट बघत झोपले होते. तुम्ही येऊन नाही म्हणाला असतात, तरी मी सही केलीच असती. पण यायला हवं होतंत, बाबा.