उजवी बाजू वर

आई,

इकडे थंडी पडलीय, म्हणजे तुझे गुडघे कुरकुरत असणार. माझं काम ठीक चाललंय, जेवण भरपूर आहे, काळजी करू नकोस.

काल कारखान्यातलं काम आटोपून आम्ही सगळे गरम झऱ्यापाशी मुक्कामाला आलो. पोलंडहून आलेल्या व्हितोल्डला युकाता झगा घालायला शिकवायचं माझ्याकडे होतं. आम्ही दोघं जेवायला गेलो, तर इसोगाई साहेब म्हणाले, "काय रे, जोडीनं वर निघालात की काय?"

मी खाली पाहिलं. झग्याची उजवी बाजू डावीच्या वर, मेलेल्या माणसाला घालतात तशी. बिचाऱ्या व्हितोल्डनं माझंच बघून घातलं होतं. गेल्या महिन्यात आपण दोघांनी बाबांना तसं नेसवलं, हाताला तेच वळण राहिलं.

साहेबांनाही बाबांचं जाणं आठवलं असावं. त्यांनी उठून माझा पट्टा सोडला, डावी बाजू वर घेऊन पुन्हा बांधला. "चल, जेव," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पाणी तापलं की बाबांची आंघोळ आधी म्हणून तू अजून थांबतेस का? थांबत जाऊ नकोस. शनिवारी मी येतोय, पण पहिली आंघोळ तू करायची.

तुझा,
तेप्पेई