ओढ्याजवळचा गंधार

जामखेड

प्रिय आदिल,

तुझ्या अब्बांचा गुडघा आता काय म्हणतो? जिना चढतात का? फरहीनचा खोकला थांबला का? धाकट्या मेहताबला दात आले असतील. अब्बांची क्लॅरिनेट त्याच्या हाती देऊ नकोस, चावून ठेवील. माझ्या तोंडावरून वारं गेलं ते गेलंच. चहा सांडतो, तिथं सनईत फुंक कुठली मारणार? फोनवर शब्द लोळतात, म्हणून हे पत्र. चांगुणाकाकूचं शेवटी लिहितो.

बरं झालं, दुखण्याआधीच तू नगरला त्या गाद्या लावलेल्या खोलीत बसवून माझा एकेक सूर भरून घेतलास. लग्नात ते तुझ्या की-बोर्डवर वाजतात, ऐकून जीव सुखावतो. पण बाळा, की-बोर्डाशी जुळावेत म्हणून तू सगळे सूर सरळ केलेस. तुझी चूक नाही, धंदाच तसा. इथं घरात मात्र ते चालेनात. लग्नाची सुपारी वाजवून परतताना मी ओढ्याजवळ गंधार लांबवायचो, अन् तेवढ्यावर काकू चुलीवर तवा टाकायची. तू दिलेल्या टॅबवर तोच गंधार तिला ऐकवला, तर म्हणाली, "कुणाची वरात आली गं बाई? पोरगं बरं वाजवतंय."

मग मी हट्टालाच पेटलो. तू दाखवलेली ट्यूनिंगची पट्टी सरकवून गंधार केसभर उतरवला. निषादही हलवून पाहिला. रोज संध्याकाळी थोडं थोडं. आता ती मान वळवते, पण उठत नाही. काय कमी आहे ते कळलं मला. माझा गंधार खालून घसरत यायचा, त्याआधी दम फुटल्याचा आवाज. ती सुरुवातच तू कचरा म्हणून कापलीस. जे नाहीच, ते पट्टी सरकवून कुठून यावं?

मूळचं, न सुधारलेलं रेकॉर्डिंग असेल तर घेऊन ये. पुसलं असलंस तर तसं सरळ सांग, रागावणार नाही. काल काकूनं डोक्यावर पदर घेऊन मला पाण्याचा तांब्या दिला. म्हणाली, "बसा पाव्हणं. आमचे मालक सुपारीला गेलेत, येतीलच एवढ्यात." अन् भाकरीचं पीठ काढून दारात जाऊन बसली. मी समोरच होतो रे. मालक आल्याशिवाय ती जेवत नाही. उत्तर लवकर धाड.

तुझाच,
रंगनाथकाका