माझ्या ताब्यातली अर्धी किल्ली

२ जून, सोमवार
आज मोठी जबाबदारी आली. मॅनेजरच्या मते छोटी. बँकेचे सगळे जुने व्हाउचर स्कॅन करून एका डिस्कवर भरले, कागद फाडून टाकले. डिस्कला सांकेतिक कुलूप. किल्ली म्हणजे बत्तीस अक्षरं. सोळा ज्युनियर मॅडमकडे, सोळा माझ्याकडे. दोन्ही अर्धी असल्याशिवाय डिस्क उघडत नाही.
सर्क्युलर म्हणतं, आपलं अर्धं सीलबंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवा, एक नक्कल हेड ऑफिसला पाठवा. मॅडमनी दहा मिनिटांत उरकलं. सुरक्षितता कशाशी खातात ते या पिढीला ठाऊक नाही.

४ जून, बुधवार
तिजोरीची चावी मॅनेजरकडे. मॅनेजरचं लक्ष मोबाइलमध्ये. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. संकल्प: माझं अर्धं मीच सांभाळणार.
सोळा अक्षरांचे चार तुकडे केले. एक शिंप्याच्या पावतीमागे. एक वीजबिलावर. एक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पाठी. एक कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात. चोराने चारही शोधून दाखवावेत!
मूळ कागद मोरीत जाळला. बायकोने विचारलं, काय जाळताय? म्हटलं, तुला नाही कळायचं.

५ जून, गुरुवार
हेड ऑफिसला नक्कल पाठवली. आत मनानेच सोळा अक्षरं लिहिली. वाटेत कुणी पाकीट फोडलंच तर बसेल बोंबलत. सील मात्र अस्सल.

३ ऑगस्ट, रविवार
घराचं रंगकाम काढलं. पाठ धरल्यामुळे मला मदत करता आली नाही. बायकोने एकटीने सगळं आवरलं. तीन पोती रद्दी गेली. घर कसं मोकळं वाटतंय.

१ सप्टेंबर, सोमवार
दादा आले होते. आमचे रिटायर्ड कॅशियर. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या काउंटरला बसले. कुणीतरी खोट्या सहीने एका खातेदाराचे पैसे काढले होते, ते जुनं प्रकरण वर आलंय. आरोप असा की दादांनी अधिकाऱ्याची सही न बघता पैसे दिले. आठ महिने पेन्शन बंद. दादा म्हणतात, सही होती. पैसे काढल्याच्या त्या स्लिपचा फोटो डिस्कवर आहे. १८ तारखेला चौकशीची सुनावणी.
म्हटलं, दादा, पाच मिनिटांचं काम. चहा पिऊन निर्धास्त जा.

२ सप्टेंबर
शिंप्याची पावती सापडली. पॅन्ट अजून आणलेली नाही, म्हणून. आळसही कधी कधी कामी येतो.
बाकी तीन तुकडे घरातच असणार.

३ सप्टेंबर
घरात नाहीत. बायकोला विचारलं. ती म्हणाली, रंगाच्या वेळी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, हे कागद टाकू का? तुम्ही पेपरातून मान वर न करता हो म्हणालात.
मला आठवत नाही. तिला मात्र नको ते सगळं आठवतं.

४ सप्टेंबर
दादांचा फोन. सांगितलं, मशिन स्लो आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार
हरवलेली अक्षरं अंदाजाने भरतोय. पाच वेळा चुकलं की डिस्क उघडायचा प्रोग्रॅम दिवसभर बंद पडतो. काल चौथ्यांदा बंद पडला. आज मी मॅनेजरसमोर स्पष्टच बोललो, मॅडमचं अर्धं चुकीचं आहे. मॅडमनी तिजोरीतलं पाकीट आणून फोडलं, अक्षरं भरली. हिरवी खूण. माझ्या रकान्यात लाल.
मॅडमनी शांतपणे विचारलं, सर, तुमचं पाकीट? म्हटलं, अत्यंत सुरक्षित जागी आहे.

१२ सप्टेंबर
मॅडमनी परस्पर हेड ऑफिसकडून माझी नक्कल मागवली. सुटलो! खरं तर हे मी सुचवणारच होतो. दादांना फोन करून पेढ्यांची ऑर्डर द्यायला सांगितलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
पाकीट आलं. सील बघितलं आणि आठवलं. मॅडमनी अक्षरं भरली. लाल.
म्हणाल्या, सर, अक्षर तुमचंच ना? म्हटलं, टपालवाल्यांचा काही भरवसा नाही.

१७ सप्टेंबर
कॉम्प्युटरवाला येऊन गेला. बारा अक्षरं नाहीत म्हटल्यावर हसला. म्हणाला, साहेब, अंदाजाने शोधायला तुमचे-माझे सात जन्म पुरायचे नाहीत.
संकल्प: उद्या सुनावणीत सरळ उभं राहून खरं सांगायचं. माझी चूक झाली, म्हणायचं. होऊन होऊन काय होईल? मेमो. फार तर प्रमोशन जाईल.
जेवण गेलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
सरळ उभा राहिलो. चौकशीवाल्या साहेबांनी विचारलं, पुरावा का मिळत नाही? तोंडातून निघालं, डिस्क सदोष आहे. दादाच मध्ये बोलले, यंत्रापुढे तो बिचारा काय करणार. दादांवरचा दोष सिद्ध धरला.
बाहेर मॅडम म्हणाल्या, सर, अजून सांगता येईल. किल्ली बँकेकडूनच हरवली असं लेखी आलं, तर संशयाचा फायदा दादांना मिळेल. सोमवारी लिहून देतो म्हणालो.
लाज वाटली. फार वाटली.

२२ सप्टेंबर, सोमवार
लिहायला बसलो. पेन चालेना.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
सुरक्षा ऑडिटचा रिपोर्ट आला. किल्लीचं रक्षण: दहापैकी दहा. शेरा: अनधिकृत व्यक्तीस डिस्क उघडणे सर्वस्वी अशक्य. मॅनेजरने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत.
तडक दादांच्या घरी गेलो. आज सांगायचंच. वाक्य पाठ केलं होतं.
दादा टेबलापाशी अर्ज लिहीत होते. कुणीतरी सल्ला दिलाय, चूक कबूल करून दयेची विनंती केली तर निम्मी पेन्शन सोडतात. वहिनी दाराशी उभ्या होत्या. दादा म्हणाले, बरं झालं आलास. तुझं ड्राफ्टिंग चांगलं, जरा बघून दे.
मी बसलो. वाचला. माझ्या हातून चूक झाली, असं त्यांनी दोनदा लिहिलं होतं.
एकदा पुरे, म्हणालो. दुसरं खोडून कागद परत दिला.