मल्किया बसत नाही

३ नोव्हेंबर

आमच्या उपेंडोचे बाबा आज गोठ्यात गाईच्या जागेवर आडवे झालेले सापडले!

मी चारा घेऊन गेले तर मल्किया बाहेर कॉफीच्या झाडाला बांधलेली, आणि हे आत दगडी फरशीवर कुशीवर, गुडघे पोटाशी. माझ्या हातातला भारा खाली पडला. वाटलं, गेला माणूस! ओरडले तर डोळे उघडून म्हणतात, "ओरडू नकोस. बघतोय."

"काय बघताय?"

"हिला इथे झोपता येतं का ते."

उठताना समोरच्या वाशावर डोकं आपटलं. चांगलं टेंगूळ आलं. जाऊबाई कुंपणावरून सगळं बघत होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या मरांगु गावाला कळलं की बसचा ड्रायव्हर रिटायर झाला आणि गोठ्यात राहायला गेला.

५ नोव्हेंबर

सगळं आयुष्य हा माणूस अरुशा ते दार एस सलाम रस्त्यावर, बस चालवत. महिन्यातून एखाद्या रविवारी घरी. यायचा, जेवायचा, झोपायचा, जायचा. केळीची बाग, कॉफी, पोरगी, गाय — सगळं मी बघितलं. आता सप्टेंबरपासून कायमचे घरी. दिवसभर माझ्या पायात पायात. चुलीपाशी वळावं तर हे. अंगणात वळावं तर हे. आणि आता गोठ्यातही!

मल्कियाचं मात्र खरं आहे. ती बसत नाही. तासन्‌तास उभी — पुढचे पाय जागेवर, मागचे खाली शेणाच्या चरात. गुडघे सुजलेत. दूध निम्म्यावर आलं. दोनदा डॉक्टरकडून भरवली, दोन्हीदा रिकामी, गाभण नाहीच.

रात्री जेवताना हे म्हणाले, "बस मोठी घेतलीस आणि गॅरेज लहानच ठेवलंस."

तो गोठा मी बांधलाय. दगड मी वाहिलेत. तेव्हाची गाय आपली गावठी, बुटकी होती, तिला राजवाड्यासारखा होता. मल्किया विलायती रक्ताची, दांडगी. म्हणून काय माझ्या गोठ्याला नावं ठेवायची? म्हटलं, "तुम्ही तुमचं स्टिअरिंग बघा."

स्टिअरिंग आता नाहीच. बोलून गेल्यावर लक्षात आलं.

६ नोव्हेंबर

बोलणं बंद. म्तोरीत मीठ जास्त पडलं. मुद्दाम नाही. केळी-मटणाचं एवढं चांगलं रटरटलेलं सूप फुकट गेलं.

९ नोव्हेंबर

धाकटे दीर आफ्राएल आले. यंदा नाताळ आपल्या घरी — सगळे खालच्या शहरांतून वर येणार, दारहून, अरुशाहून. माणसं किती, मांस किती, सगळं तेच ठरवतात. चहा फुंकत म्हणाले, "वहिनी, बोकडं कशाला शोधायची? ती मल्किया आहे की. दूध आटलं, गाभण राहत नाही. चोवीसला कापू. सगळ्यांना पुरून उरेल."

  चुकीचं नव्हतं त्यांचं. दूध न देणारी, न विणारी गाय कोण पोसतं? पण कप धुताना हातातून निसटला.

हे म्हणाले, "नाताळला वेळ आहे. तोवर मी बघतो."

"तू काय बघणार दादा? गाईला गिअर टाकणार?" आफ्राएल हसत सुटले. हेही हसले. पण नजर गोठ्याकडे.

१२ नोव्हेंबर

हसून हसून पोट दुखतंय! ह्यांना धार काढायची हौस आली. आयुष्यभर बसस्टँडवर ओरडलेला माणूस — गोठ्यात शिरतानाच "चला, चला, सरका आत!" मल्कियाने कान मागे टाकले, पान्हा वर चोरला. थेंब नाही! दुसऱ्यांदा ओरडले तर तिने चरवी उडवली, चरवी ह्यांच्या मांडीवर, हे शेणात.

मी मध्ये पडले नाही. हसत होते.

"शिकव की," म्हणाले. शेणात बसूनच. एवढ्या वर्षांत ह्या माणसाने मला कधी काही शिकव म्हटलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

जनावरांची डॉक्टर रेहेमा आली. ह्यांनीच फोन केला होता, मला न विचारता. पोरगी चुणचुणीत. सुई नाही, औषध नाही, बादली पालथी घालून बसली आणि म्हणाली, "मावशी, हिला उठताना नीट बघितलंय कधी?"

उठताना काय बघायचं? गाय उठते. बस्स.

मल्किया तेव्हा नेमकी बसलेली होती, पाऊस पडून गेलेला, दमली असेल. रेहेमाने हळूच टाळी वाजवली. मल्कियाने मान पुढे फेकली — कपाळ धाडकन वाशावर. परत बसली. पुन्हा मान फेकली, पुन्हा वासा. मग कुत्र्यासारखी पुढचे पाय ताठ करून, मागच्या भागावर बसून राहिली, धापा टाकत. शेवटी घोड्यासारखी आधी पुढून उठली, मागचे पाय फरशीवरून घसरत घसरत.

 रोज ती हे करत होती. मी तेव्हा गवत कापत असायचे.

रेहेमा म्हणाली, "गाय मागून उठते, मावशी. त्यासाठी डोकं पुढे टाकायला मोकळी जागा लागते. इथे समोर वासा, वाशाच्या मागे भिंत. उठायला एवढा त्रास, म्हणून ती बसायलाच घाबरते. बसत नाही म्हणून पाय सुजतात, रवंथ कमी, दूध कमी."

"आणि गाभण का राहत नाही?"

"माजावर आलेली तुम्हाला दिसते तरी का? आखूड दाव्याला बांधलेली, खाली गुळगुळीत फरशी. माजावरची गाय दुसऱ्यावर चढते, ही चढणार कुठे? तुम्ही अंदाजाने मला बोलावता, वेळ चुकते." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "गोठा चांगला मजबूत आहे हो. पाहुणी मोठी आहे, एवढंच."

मला वाटलं, आता हे म्हणणार — बघ, मी सांगत होतो! डोक्यावरचं टेंगूळ अजून उतरलं नव्हतं. पण हे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मी घरात गेले. मोठा हातोडा आणला. पहिला घाव मी घातला. माझी भिंत आहे, मीच पाडणार!

१८ नोव्हेंबर

समोरची भिंत गेली. वासा वर चढवला. गव्हाण पुढे सरकवली. शेणाच्या चरापर्यंत जागा लांब केली. उजेड किती आला आत! मल्किया कॉफीखाली उभी राहून सगळं बघतेय, मुकादमासारखी.

ह्यांची पाठ धरलीय. माझीही. दोघं एकमेकांना तेल चोळत बसलो आणि दोघंही कण्हत होतो.

१९ नोव्हेंबर

हे गिरणीतून लाकडाचा भुसा आणायला गेले आणि गिरणीवाल्याच्या ट्रकमध्ये पुढे बसून आले. ट्रक चालवायलाही मिळाला म्हणे. चेहरा असा की लग्नातही नव्हता! भुशावर केळीची वाळकी पानं पसरली. मी हाताने दाबून बघितलं. माझ्या गादीपेक्षा मऊ.

२१ नोव्हेंबर

बसली!!!

सकाळी गेले तर मल्किया पाय लांब पसरून आडवी, मान वळवून पोटात खुपसलेली. मी किंचाळले — मेली! हे मागून धावत आले, माझ्या तोंडावर हात ठेवला. "शू! झोपलीय."

दोघं दारात उभे राहिलो. तिचा कान मधूनच हलत होता. मग जागी झाली, मान झोकात पुढे फेकली, मागचा भाग वर, पुढचा वर — उभी! कुठे काही लागलं नाही. स्वतःच गोंधळली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. देवाशपथ, खेळत होती.

२६ नोव्हेंबर

आता धार हे काढतात. आज मी दाराआड थांबून ऐकलं. "हळूहळू गं बाई... घाई नाही आपल्याला... सगळे प्रवासी बसू देत..." आवाज असा, जणू ओल्या फडक्याने कोणी कपाळ पुसावं. आणि चरवीत धार — सर्र, सर्र! मल्किया डोळे मिटून रवंथ करत होती.

मला चक्क राग आला. आत जाऊन म्हटलं, "माझ्याशी बोललात का कधी असं?"

हे घाबरले. मग म्हणाले, "तू कुठे चरवी उडवतेस?"

"उडवू?"

चरवी सांभाळत एवढे हसले की मल्कियाने डोळे उघडले.

२ डिसेंबर

आजचं लिहिताना हात हसतोय.

कुंपणाच्या आत तिला दिवसा मोकळी सोडतो. हे वाकून ढकलगाडीत शेण भरत होते. मागून मल्किया आली, हुंगलं, हंबरली — आणि चढली! अर्धी ढकलगाडीवर, अर्धी ह्यांच्यावर! हे शेणात पालथे. मी काठी घेऊन धावले, आणि खालून आरोळी, बसस्टँडवरची, जुनी: "माजावर आली! माजावर आली! रेहेमाला फोन कर!"

"लागलं का कुठे?"

"आधी फोन कर!"

रेहेमा मोटरसायकलवरून आली, भरवून गेली. जाताना ह्यांना म्हणाली, "काका, तिने तुमची निवड केली बरं का."

आफ्राएल संध्याकाळी आले. हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, मी वाईट माणूस नाही. पण सगळं घर येणार. तीन आठवड्यांनी, म्हणजे तेवीसला, ती परत माजावर आली तर रिकामी समजायची. मग चोवीसला मी सुरी घेऊन येतो. कबूल?"

हे माझ्याकडे बघत होते. गाय माझी. मीच म्हटलं, "कबूल."

२० डिसेंबर

पोरंबाळं यायला लागली. उपेंडो दारहून आली. "बाबांना काय केलंस? इतके हळू कसे बोलतात?" म्हटलं, मी नाही केलं. गोठ्यात जाऊन विचार.

२२ डिसेंबर

चर्चमध्ये गाईसाठी प्रार्थना करावी का? केली. देवाला कळतं.

२३ डिसेंबर

घरातले सगळे सकाळपासून अंगणात खुर्च्या टाकून गाईकडे बघत बसले! म्बेगेचा, केळ्याच्या दारूचा, घडा मध्ये, पोरांच्या पैजा लागलेल्या. मल्किया जरा हलली की आफ्राएल पुढे सरकायचे. शेपटी उडवली — "बघा बघा!" माशी होती.

शेजारची कालवड मुद्दाम आत आणली. मल्कियाने तिला हुंगलं.  माझे हात थंडगार पडले. ह्यांचा हात शोधला तर तोही थंड.

मग मल्कियाने तोंड फिरवलं, भुशावर जाऊन सावकाश बसली आणि रवंथ सुरू! दुपार झाली, किबो शिखरावरचे ढग आले-गेले, ती बसलेलीच. ऊन उतरलं. आफ्राएल उठले, पँट झटकली.

"दोन बोकडं बघायला जातो," म्हणाले. "एवढ्या उशिरा कोण देणार, देव जाणे!"

पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. हे मात्र गोठ्यामागे गेले. मी गेले तर डोळे पुसत होते. 

२५ डिसेंबर

बोकड जरा चिवट होतं. कोणाला कळलंही नाही.

जेवताना उपेंडो म्हणाली, "आई, या खेपेला तू माझ्याबरोबर दारला चल. समुद्र बघ." मी नेहमीसारखं म्हटलं, "आणि गाय?"

सगळे ह्यांच्याकडे वळले. ह्यांनी हाडूक खाली ठेवलं. "गाय मी बघतो. तू जा."

२ जानेवारी. दार एस सलाम

गुडघाभर समुद्रात उभी राहिले! खारट, कोमट, लांबच लांब. उपेंडोने विचारलं, "मल्कियाची आठवण येते ना, आई?" म्हटलं, हो.

खोटं. तिची नाही येत. ह्यांची येते.