डिकीतल्या गोण्या

कोईमतूर, ४ डिसेंबर २०२४

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडं सरकवता, म्हणून हे पत्र. आई म्हणाली, जीप गॅरेजात अडकलीय आणि सोनमताईला बारामतीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर माझी लाल गाडी काढणार. खुशाल काढा, पण तिला जीप समजू नका.

जीप मागून ढकलते, ही पुढून ओढते. ओढायचं आणि वळायचं, दोन्ही कामं पुढच्याच चाकांना. सरळ रस्त्याला ही पावसातसुद्धा कुणालाही सांभाळून घेते. पण इंजिन दांडगं आहे. वळणात रेस दिली की चाकं ओढण्यातच गुंततात आणि नाक बाहेर पळतं. मग स्टिअरिंग कितीही पिळा. तेव्हा पाय हलका करायचा, नाक आत येतं. एकदम मात्र सोडू नका, शेपूट फिरते. इथं रेसच्या ट्रॅकवर एक केरळी ड्रायव्हर ती मुद्दाम फिरवतो. त्याच्या मिशा बघाल तर... असो.

आणि डिकीत खताच्या गोण्या नकोत. जीप चिखलात घसरू नये म्हणून तुम्ही टाकता, पण हिला मागं वजन दिलं की पुढची चाकं हलकी पडतात.

मामा होणार म्हणून मी इथं आधीच सगळ्यांना चहा पाजलाय. घर सोडून इथं रेसच्या गाड्यांत आलो, त्याचा राग राहू द्या, पण माझ्यावरचा जीवही तेवढाच राहू द्या.

आपला,
दिग्विजय


भवानीनगर, १५ डिसेंबर

चि. दिग्विजय यास,
अ. उ. आ.

मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे आईनं फोनवर सांगितलंच आहे. बाकीचं मीच सांगू नको म्हणालो होतो.

तुझं पत्र सोनमनं मला वाचून दाखवलं होतं. तरी गोण्या टाकल्या. सारी हयात जीपवर गेली, आता पोरगं शिकवणार, म्हणून टाकल्या.

भर दुपारी कळा सुरू झाल्या. तुझी आई सोनमला धरून मागं बसली. कालव्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉल्यांनी चिखल आणि पाचट सांडलेलं. मी स्टिअरिंग वळवलं, गाडी सरळच निघाली. जीपच्या सवयीनं आणखी रेस दिली. चाकं नुसती भिरभिरली आणि काचेतून कालव्याचं पाणी दिसायला लागलं. तेवढ्यात सोनम म्हणाली, “आबा, पाय काढा. हळू.”

काढला. नाक वळलं. गाडी रस्त्यावर राहिली.

खाली उतरून आधी गोण्या कडेला टाकल्या. तुझी आई मला काय काय बोलली ते लिहीत न्हाय. पुढं बारामतीपर्यंत गाडी अशी गेली की पोरीला हिसका बसला नाही. जीपमध्ये बसला असता, हे खरं हाय. परत येताना एक गोणी कुणीतरी नेलेली. नेऊ दे.

वेळेवर जेवत जा, तब्येतीला जप.

तुझा,
आबा


कोईमतूर, २१ डिसेंबर

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि टायरच्या ढिगावर बसून राहिलो. मालकानं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. ठीक आहे म्हणालो आणि रजा मागितली.

बारशाला येतोय. बारामती स्टँडवर न्यायला या, लाल गाडीच घेऊन या. किल्ली मात्र माझ्या हातात देऊ नका. त्या वळणावरून मला तुमच्या शेजारी बसून जायचंय.

बाळाला माझा पापा, तुम्हाला नमस्कार.

आपला,
दिग्विजय