कडू घास कोण आणणार

बाबा, आज मला तुमचा भयंकर राग आलाय, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तो काढायला दुसरी जागाच नाही. आम्ही आता आयर्लंडमध्ये असतो, डब्लिनच्या सँडीफोर्डला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तुमच्या जावयाला तुम्ही पाहिलंच नाहीत. गेल्या शनिवारी नाशिकला त्याचे वडील गेले. कोरोना म्हणजे काय ते तुम्हाला समजावत बसत नाही. साथ आहे, माणसं मरताहेत, आणि इथून तिकडे जाणं शक्य नाही. दिरानं फोन धरला आणि यानं सोफ्यावर बसून वडिलांना शेवटचं पाहिलं, तेही लांबून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तेव्हापासून तो आतल्या खोलीत आहे. काळा चहा घेतो, जेवत मात्र नाही. त्याला डायबेटिस आहे. गोळ्या उपाशीपोटी घेतोय की घेतच नाहीये, मला कळत नाही. विचारलं तर भिंतीकडे तोंड करतो. सरळच सांगते, बाबा, हा माणूस माझ्या हातातून जाईल अशी भीती वाटते मला.

आणि राग कशाचा, तर तुमच्या त्या फळ्याचा. चिंचवडला आपल्या कॉलनीच्या फाटकाशी तुम्ही रोज सकाळी रंगीत खडूनं सुविचार लिहायचात. तेही स्वतःच रचलेले! ‘आज एका मित्राकडे काही काम नसताना जा.’ ‘देवाकडे मागायला नको, नुसतं भेटायला जा.’ ‘जेवताना घरातल्यांशी बोला, पोटही बरं राहील.’ शाळेत मुली मला चिडवायच्या आणि मी तुमच्यावर धुसफुसायची. आता इथे आमच्या मराठी ग्रुपवर दिवसभर तोच फळा चालू असतो. फुलांचे फोटो, हात जोडलेले, पॉझिटिव्ह राहा, प्राणायाम करा, स्ट्राँग राहा. कुणाचं काही चुकत नाही, पण एकेक वाचताना मला फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. आणि मी तरी काय केलं? परवा त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाले, “जरा खाली चालून ये ना, बरं वाटेल. एखाद्या मित्राला फोन कर.” तो वळलाही नाही. म्हणाला, “फळ्यावर लिहून ठेव.” लग्नाआधी तुमच्या फळ्याची गंमत मीच त्याला हसत हसत सांगितली होती. मी स्वयंपाकघरात आले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

खरं तर घोळ पहिल्याच दिवशी झाला. बातमी आली, मला काही सुचेना, आणि हात आपोआप कुकरकडे गेले. वरण-भात केला, पान वाढून नेलं. तो ताटाकडे बघत राहिला. “आज आपल्याकडे गॅस पेटवायचा नसतो,” तो म्हणाला. “शेजारचे आणतात.” हा माणूस देवासमोर कधी हात जोडत नाही, बाबा. कॉम्प्युटरच्या चिपच्या फॅक्टरीत इंजिनिअर आहे, गणपतीत आरतीच्या वेळी फोटो काढायला मागे उभा राहतो. त्याच्या मनात हे कुठे दडून बसलं होतं, मला काय माहीत! मला आठवतंय, आपल्या खालच्या मजल्यावरचे काका गेले, तेव्हा आईनं पिठलं-भात केला होता. कडू घास म्हणायची ती त्याला. तुम्ही पातेलं घेऊन पुढे, मी भाताचा डबा घेऊन मागे. जिन्यात मी विचारते, आज फळ्यावर काय लिहिणार? आणि तुम्ही, कधी आवाज न चढवणारे, खेकसता, “आज काही लिहायचं नसतं. झाकण नीट धर.” त्या घरी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. नुसतं वाढलंत, आणि काकू जेवेपर्यंत तिथेच बसून राहिलात.

पण इथे कडू घास आणणार कोण? घरात बाहेरच्या माणसानं यायचं नाही, असा नियम. डब्लिनच्या पार दुसऱ्या टोकाला, स्वोर्ड्सला राहणारी माझी मैत्रीण फोनवर रडली. तिच्या घरी म्हातारी सासू, ती तरी कशी येणार? बिचारीनं ऑनलाइन काहीतरी पाठवलं. डिलिव्हरीवाला दाराशी पिशवी ठेवून गेला. आत पनीर बटर मसाला आणि गार्लिक नान. मला एकटीला इतकं हसू आलं की मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. त्यानं त्याला हातसुद्धा लावला नाही. लेक विचारते, “इज बाबा ओके?” मी म्हणते, “ही इज ग्रँड.” इथे ‘ठीक आहे’ला ग्रँडच म्हणतात. नऊ वर्षांची आहे, तिला सगळं कळतं.

आज दुपारी दार वाजलं. शेजारच्या आयरिश आजी, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. वर्षभरात आमचं बोलणं हवामानापलीकडे गेलेलं नव्हतं. आमच्या लेकीनं बाल्कनीतून त्यांना आजोबा गेल्याचं सांगितलं होतं, असं नंतर कळलं. त्यांनी फॉइलनं झाकलेली प्लेट उंबऱ्यापाशी ठेवली आणि मास्क सावरत चार पावलं मागे सरकल्या. कसा कोण जाणे, तोही बाहेर आला होता, माझ्या मागे उभा होता, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. “सॉरी फॉर युअर ट्रबल,” त्या त्याला म्हणाल्या. इथे मयताच्या घरी हेच म्हणतात. मग म्हणाल्या, एरवी तुमचं घर माणसांनी भरलं असतं, तुम्हाला बसायला जागा उरली नसती. आणि गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या, भिंतीला टेकून.

तो खाली बसला, दारातच, पायपुसण्यावर. फॉइल काढलं. पांढऱ्या ब्रेडची त्रिकोणी सँडविचेस होती. एक उचललं, खाल्लं, दुसरं अर्धं खाल्लं आणि तोंडात घास तसाच ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागला. लहान मुलासारखा, जिन्यात आवाज घुमेल असा. शनिवारपासून पहिल्यांदा. आजी हलल्या नाहीत. मग त्यानं एक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, “तू जेवलीस का गं?”

आता तो झोपलाय. उद्या जेवेल का, मला माहीत नाही. तुम्हाला हे कळायचा काही मार्ग नाही, ते बरंच आहे, बाबा, कारण एक सांगायचं राहिलंय. सँडविचमध्ये अंडं होतं. त्याला ते कळलं होतं, मलाही. सुतकात, दारात बसून, आम्ही प्लेट रिकामी केली.